हेर्मान फोन हेल्महोल्ट्स

हेर्मान लुडविग फर्डिनांड फोन हेल्महोल्ट्स (३१ ऑगस्ट, १८२१ - ८ सप्टेंबर, १८९४) हे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक, भौतिकीविज्ञ आणि वैद्य होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या तत्त्वाची व्यापक गणिती मांडणी, मज्जातंतूंतून जाणाऱ्या संवेदनेच्या वेगाचे मापन, रंगदृष्टी व श्रवण यांविषयीचे सिद्धांत ही त्यांची मोठी कामे होत. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव मुख्यतः एका लहानशा उपकरणाशी जोडले गेले आहे. जिवंत माणसाच्या डोळ्यातील दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहता येईल असा नेत्रदर्शक त्यांनी तयार केला आणि १८५१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज पीतबिंदूचा वयोजन्य ऱ्हास ओळखण्यासाठी व त्याची प्रतवारी लावण्यासाठी डोळ्याच्या ज्या प्रतिमा घेतल्या जातात, त्या परंपरेची सुरुवात या उपकरणापासून होते.

बालपण व शिक्षण

हेल्महोल्ट्स यांचा जन्म प्रशियातील पोट्सडाम येथे झाला. वडील फर्डिनांड हे तेथील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. भाषा, काव्य आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. तत्त्वज्ञ फिख्टे यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि फिख्टे यांचे चिरंजीव त्यांचे स्नेही होते. मनाच्या व्यापारांतून जगाचे ज्ञान उलगडू पाहणारे हे घर आणि पुढे मोजमापाशिवाय पाऊल न टाकणारा मुलगा, यांच्यातील मतभेद पितापुत्रांच्या पत्रव्यवहारात अखेरपर्यंत दिसतो. तो कधी कटुतेला गेला नाही.

लहानपणी हेल्महोल्ट्स प्रकृतीने नाजूक होते. परस्परसंबंध नसलेल्या गोष्टी पाठ करणे त्यांना जड जाई. व्याकरणातील अपवाद आणि शब्दांच्या याद्या लक्षात राहत नसत. डावे-उजवे ओळखतानाही त्यांचा गोंधळ होई. भूमिती आणि भौतिकी यांत मात्र त्यांचे मन रमत असे. वर्गात लॅटिन ग्रंथांचे वाचन चालू असताना ते बाकाखाली दुर्बिणीतून जाणाऱ्या किरणांचे मार्ग रेखाटत बसत. चष्म्याची भिंगे आणि वडिलांचे वनस्पती पाहण्याचे एक लहान भिंग एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रकाशाचे पहिले प्रयोग केले.

त्यांना भौतिकी शिकावयाची होती. पण शिक्षकाच्या पगारात तो खर्च परवडणारा नव्हता. म्हणून १८३८ मध्ये त्यांनी बर्लिन येथील सैनिकी वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. तेथे शिक्षण विनामूल्य होते, मात्र त्या बदल्यात पुढे काही वर्षे सैन्यात वैद्य म्हणून नोकरी करण्याची अट होती. विद्यार्थिदशेत त्यांना ज्वराचे दीर्घ दुखणे आले. संस्थेचा विद्यार्थी म्हणून रुग्णालयात फुकट उपचार झाल्याने त्या काळात त्यांची थोडी रक्कम शिल्लक पडली आणि तिच्यातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८४२ मध्ये अपृष्ठवंशी प्राण्यांतील मज्जातंतू व मज्जापेशी यांच्या संबंधावर त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याची निरीक्षणे याच सूक्ष्मदर्शकाने केलेली होती.

बर्लिनमध्ये योहानेस म्यूलर हे त्यांचे गुरू होते. एमिल द्यू ब्वा-रेमाँ आणि एर्न्स्ट ब्र्यूक हे त्यांचे सहाध्यायी पुढे आयुष्यभराचे मित्र झाले. सजीवांत एक स्वतंत्र प्राणशक्ती वास करते, ही कल्पना तेव्हा प्रचलित होती. म्यूलर यांनी ती सोडली नव्हती. त्यांच्या या शिष्यांनी मात्र शरीराचे सर्व व्यापार भौतिकी व रसायनशास्त्र यांच्या नियमांनीच उलगडावयाचे असा निश्चय केला.

सैनिकी सेवा व ऊर्जेची अक्षय्यता

१८४३ पासून हेल्महोल्ट्स यांनी पोट्सडाम येथील पलटणीत वैद्य म्हणून काम केले. बराकीतच त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. स्नायू काम करतो तेव्हा त्यातील द्रव्यांत बदल होतात आणि उष्णता निर्माण होते, हे त्यांनी बेडकाच्या पायावर प्रयोग करून दाखवले. या प्रयोगांमागचा मूळ प्रश्न मोठा होता. शरीरातील उष्णता आणि हालचाल केवळ अन्नातून येते, की प्राणशक्ती शून्यातून काही निर्माण करते?

२३ जुलै, १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकी सभेपुढे त्यांनी याचे उत्तर निबंधरूपाने वाचले. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, पण तिची एकूण राशी बदलत नाही, हा नियम त्यांनी यामिकी, उष्णता, विद्युत् आणि चुंबकत्व या सर्व क्षेत्रांना लावून दाखवला. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते. भौतिकीच्या प्रमुख जर्मन नियतकालिकाने हा निबंध स्वीकारला नाही. तेव्हा तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला. या तत्त्वाच्या श्रेयावरून पुढे वाद झाले. रॉबर्ट मायर या वैद्यांनी १८४२ मध्येच त्याची कल्पना मांडली होती आणि जेम्स जूल यांनी उष्णता व कार्य यांच्या प्रमाणाचे प्रयोग केले होते. निबंध लिहिताना हेल्महोल्ट्स यांना मायर यांचे काम ठाऊक नव्हते. नंतर त्यांनी मायर यांचे अग्रस्थान उघडपणे मान्य केले.

या निबंधामुळे त्यांची सैनिकी सेवेतून मुदतीआधी सुटका झाली. त्यासाठी अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट यांनी शब्द टाकला होता. १८४८ मध्ये बर्लिनच्या कला अकादमीत शरीररचना शिकवल्यानंतर १८४९ मध्ये ते क्योनिग्जबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ही जागा ब्र्यूक व्हिएन्नाला गेल्यामुळे रिकामी झाली होती. त्याच वर्षी ओल्गा फोन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मज्जातंतूतील संवेदनेचा वेग इतका प्रचंड असावा की तो कधी मोजता येणार नाही, असे म्यूलर यांचे मत होते. हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला आणि तो सेकंदाला सुमारे २५ ते ३८ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहूनही पुष्कळ कमी निघाला. या प्रयोगांत मोजपट्टीवरील आकडे टिपून घेण्याचे काम ओल्गा करीत.

नेत्रदर्शक

डोळ्याची बाहुली काळी का दिसते, हा प्रश्न जुना आहे. मांजराचे किंवा कुत्र्याचे डोळे अंधारात चमकतात. माणसाचे सहसा चमकत नाहीत. १८४६ मध्ये विल्यम कमिंग यांनी इंग्लंडमध्ये आणि १८४७ मध्ये ब्र्यूक यांनी जर्मनीत असे दाखवले की पाहणाऱ्याने दिव्याच्या अगदी जवळून, त्याच दिशेने पाहिले तर माणसाची बाहुलीही तांबूस उजळते. डोळ्यातून प्रकाश परत येतो हे यावरून सिद्ध झाले होते. पण तो परत आलेला प्रकाश कशाची प्रतिमा घेऊन येतो, हा प्रश्न ब्र्यूक यांनी स्वतःला विचारला नाही.

१८५० च्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानाची तयारी करताना हेल्महोल्ट्स यांनी तो विचारला. प्रकाशाचा मार्ग उलटसुलट सारखाच असतो. दिव्यापासून निघालेले किरण डोळ्याच्या भिंगातून दृष्टिपटलावर एकवटतात आणि तेथून परतणारे किरण त्याच वाटेने पुन्हा दिव्याकडे जातात. ते पकडायचे तर पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तेथे डोके नेले की दिवा झाकला जातो. अडचण एवढीच होती. हेल्महोल्ट्स यांनी दिवा रुग्णाच्या बाजूला ठेवला आणि रुग्णाच्या डोळ्यासमोर काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. पट्ट्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यात शिरे. परतताना त्याचा काही भाग पुन्हा दिव्याकडे वळे आणि उरलेला काचेतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. एका काचेवरून प्रकाश फार थोडा परावर्तित होतो, म्हणून काही काचा एकावर एक ठेवल्या. किरण स्पष्ट प्रतिमेसाठी योग्य तेवढे पसरावेत म्हणून मागे एक अंतर्गोल भिंग बसवले.

पहिला नमुना पुठ्ठा, सरस, चष्म्याचे भिंग आणि सूक्ष्मदर्शकाखाली वापरण्याच्या पातळ काचा यांचा होता. तो नीट जुळवण्यास आठवडाभर लागला. सिद्धांताची पक्की खात्री नसती तर मधल्या अपयशांना कंटाळून आपण तो सोडून दिला असता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अखेर जिवंत माणसाचे दृष्टिपटल त्यांच्यासमोर आले. तांबूस पार्श्वभूमी, तीवर दृष्टिमज्जेचे फिकट वर्तुळ आणि त्यातून फाकणाऱ्या रक्तवाहिन्या त्यांना दिसल्या. असे दृश्य त्यांच्याआधी कोणी इतक्या स्पष्टपणे पाहिल्याची नोंद नव्हती. ६ डिसेंबर, १८५० रोजी त्यांनी बर्लिनच्या भौतिकी सभेला हे कळवले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या शोधासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडचे काही लागले नाही, असे सांगून स्वतःच्या व इतरांच्या आजवरच्या मंदबुद्धीचे नवल केले आहे. ब्र्यूक या शोधापासून केवळ केसभर दूर राहिले, याचा उल्लेखही त्यांनी पुढे अनेकदा केला. चार्ल्स बॅबेज यांनीही १८४७ च्या सुमारास असेच एक उपकरण लंडनमधील एका नेत्रवैद्याला दाखवले होते. पण त्याचे महत्त्व ओळखले गेले नाही आणि १८५४ पर्यंत त्याची छापील वार्ताही आली नाही.

उपकरणाचे स्वागत सर्वत्र सारखे झाले नाही. आजारी डोळ्यात इतका प्रकाश सोडणे धोक्याचे आहे, असे एका प्रख्यात शस्त्रवैद्याचे मत पडले. दुसऱ्याच्या मते ज्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे अशा वैद्यांना ते उपयोगी पडेल, त्याला स्वतःला गरज नव्हती. प्रत्यक्षात त्या काळी डोळा बाहेरून निरोगी दिसत असूनही अंधत्व आले, तर वैद्याला निदानच करता येत नसे. रुग्णाला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, अशी या रोगाची थट्टेने व्याख्या केली जात असे.

बर्लिनमधील तरुण नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्ट फोन ग्रेफ यांनी मात्र हे उपकरण लगेच वापरात आणले. अवघ्या दशकभरात दृष्टिपटलाच्या मुख्य रोहिणीत गुठळी अडकणे, मेंदूतील दाब वाढल्याने दृष्टिमज्जेला सूज येणे, काचबिंदूत तिच्यावर होणारा परिणाम या गोष्टी जिवंत रुग्णात ओळखता येऊ लागल्या. क्योनिग्जबर्गचे कारागीर रेकोस यांनी उपकरणाला निरनिराळ्या शक्तीच्या भिंगांची फिरती चकती जोडली. हातात धरण्याच्या आजच्या नेत्रदर्शकातही ही योजना टिकून आहे. १८५२ मध्ये क्रिस्टिआन र्‍यूटे यांनी अंतर्गोल आरसा व वेगळे भिंग वापरून प्रकाश वाढवला आणि दृष्टिपटलाचा अधिक मोठा भाग एका वेळी पाहण्याची सोय केली.

नव्या उपकरणाने नव्या चुकाही शिकवल्या. काचबिंदूत दृष्टिमज्जेचे टोक खोल बसते. पण १८५० च्या दशकाच्या मध्यात व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर आणि स्वतः ग्रेफ या दोघांनी ते वर फुगलेले आहे असे मानले. एका डोळ्याने पाहिलेल्या सपाट प्रतिमेत खळगा आणि उंचवटा यांतील फरक कळत नाही, हे त्याचे कारण. ही चूक थोड्याच काळात सुधारली गेली आणि हाइनरिख म्यूलर यांच्या शवविच्छेदनातील निरीक्षणांनी खळग्याची खात्री पटली. १८६१ मध्ये जिरो-त्यूलाँ यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा नेत्रदर्शक बनवला. प्रतिमा मिळणे आणि प्रतिमा वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेत्रवैद्यकाला त्या पहिल्याच दशकात कळले.

बॉन, हायडेलबर्ग व प्रकाशशास्त्राचा ग्रंथ

ओल्गा यांना क्षयाचा विकार होता आणि क्योनिग्जबर्गची थंड हवा त्यांना मानवेना. १८५५ मध्ये हेल्महोल्ट्स बॉनला आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला गेले. स्थलांतराचा उपयोग झाला नाही. १८५९ च्या जूनमध्ये वडिलांचे निधन झाले आणि डिसेंबरमध्ये ओल्गा यांचे. दोन लहान मुले मागे राहिली. त्या काळात हेल्महोल्ट्स यांना डोकेदुखी व मूर्च्छा यांचा त्रास होई आणि कित्येक आठवडे त्यांच्या हातून काम झाले नाही. १८६१ मध्ये त्यांनी आना फोन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला.

याच वर्षांत त्यांचा शारीरक्रियात्मक प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध होत होता. पहिला भाग १८५६ मध्ये आला आणि १८६७ मध्ये ग्रंथ पुरा झाला. स्वच्छमंडलाची वक्रता मोजण्यासाठी त्यांनी नेत्रमापक बनवला होता. जवळची वस्तू पाहताना नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग जाड होते, हे डोळ्याच्या समायोजनाचे स्पष्टीकरण त्यांचेच. आजही पाठ्यपुस्तकांत मुख्यतः तेच शिकवले जाते. तीन मूलभूत संवेदनांतून सर्व रंग जाणवतात, ही टॉमस यंग यांची कल्पना त्यांनी आधी नाकारली होती. पुढील प्रयोगांनंतर स्वतःचे मत बदलून ती विस्ताराने मांडली. ती यंग-हेल्महोल्ट्स सिद्धांत म्हणून ओळखली जाते. दृष्टी म्हणजे डोळ्यात उमटलेले चित्र नव्हे. इंद्रियांकडून येणाऱ्या खुणांवरून मन अनुभवाच्या आधारे नकळत अनुमान काढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हायडेलबर्गमध्ये काही काळ त्यांचे साहाय्यक असलेले विल्हेल्म वुंट पुढे प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक ठरले. १८६३ मध्ये ध्वनीच्या संवेदनेवरील त्यांचा ग्रंथ आला. स्वरांचा गुण त्यातील उपस्वरांवर कसा अवलंबून असतो, हे त्यात दाखवले आहे. भोवऱ्यांच्या गतीवरील १८५८ चा त्यांचा निबंध द्रायुयामिकीत पायाभूत मानला जातो.

बर्लिन

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्स बर्लिन विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक झाले. सक्तीच्या वैद्यकीय शिक्षणातून सुरू झालेला प्रवास अशा रीतीने मूळ आवडीच्या विषयापर्यंत पोहोचला, तेव्हा ते ५० वर्षांचे होते. १८७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. सम्राट पहिले विल्हेल्म यांनी त्यांना सरदारकी दिली आणि त्यांच्या नावात फोन हा शब्द आला. १८८६ मध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यक संघाने आपले ग्रेफ पदक सर्वप्रथम त्यांना अर्पण केले. ज्या ग्रेफ यांनी नेत्रदर्शक दवाखान्यात आणला, ते १८७० मध्येच, वयाच्या ४२ व्या वर्षी निवर्तले होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्यांत हाइनरिख हर्ट्झ, विल्हेल्म वीन आणि हेन्री रोलंड यांचा समावेश होतो. माक्स प्लांक यांनी त्यांची व्याख्याने ऐकली. ती अपुऱ्या तयारीची व कंटाळवाणी असत, असे प्लांक यांनी नमूद केले आहे. हर्ट्झ यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरींचा शोध लावला, त्यामागे हेल्महोल्ट्स यांनी सुचवलेल्या एका पारितोषिक-प्रश्नाची प्रेरणा होती. अमेरिकेतून आलेले आल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ मध्ये येथेच आपला व्यतिकरणमापक उभारला. शहरातील रहदारीच्या हादऱ्यांनी प्रयोग बिघडू लागल्यावर त्यांनी तो पोट्सडाम येथील वेधशाळेत हलवला.

वेर्नर फोन झीमेन्स यांनी दिलेल्या जागेवर बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे भौतिकी व तंत्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि हेल्महोल्ट्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. झीमेन्स यांच्या मुलाशी हेल्महोल्ट्स यांच्या कन्या एलेन यांचा विवाह झालेला होता. १८८९ मध्ये त्यांचे चिरंजीव रॉबर्ट तरुण वयात वारले. रॉबर्ट हेही भौतिकीविज्ञ होते. १ जानेवारी, १८९४ रोजी हर्ट्झ ३६ व्या वर्षी गेले. त्यांच्या मरणोत्तर ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याचे काम वृद्ध गुरूवर आले.

१८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाला जाऊन परतताना हेल्महोल्ट्स बोटीवरील जिन्यावरून पडून जखमी झाले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. जुलै १८९४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला आणि ८ सप्टेंबर रोजी शार्लोटेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

पीतबिंदूच्या ऱ्हासाची ओळख

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू हा लहान भाग असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे यांसाठी लागणारी बारीक दृष्टी त्याच्यामुळे मिळते. उतारवयात हाच भाग झिजला तर कडेचे दिसत राहते, पण ज्याकडे पाहावे तेच नाहीसे होते. नेत्रदर्शकापूर्वी हा विकार इतर अंधत्वांपासून वेगळा काढता येत नव्हता.

डोन्डर्स यांनी १८५५ मध्ये दृष्टिपटलाखाली साठणाऱ्या लहान गोलसर कणांचे वर्णन केले. त्यांना ड्रूझन हे नाव आहे. मूळ जर्मन शब्द स्फटिकांनी भरलेल्या खडकातील पोकळ्यांसाठी वापरला जातो. जोनाथन हचिन्सन व वॉरन टे यांनी १८७० च्या दशकात लंडनमध्ये वृद्धांच्या दोन्ही डोळ्यांत मध्यभागी दिसणारे असे ठिपके नोंदवले आणि १८८५ मध्ये झुरिकचे ओटो हाब यांनी वार्धक्यात होणाऱ्या पीतबिंदूच्या विकाराचे वर्णन केले.

नोंद ठेवण्याचे साधन तोवर हाताने काढलेले चित्र हेच होते. येगर यांच्या चित्रसंग्रहातील एकेका चित्रासाठी रुग्णाला वारंवार दीर्घ काळ बसावे लागे. १८८६ मध्ये जॅकमन व वेब्स्टर यांनी इंग्लंडमध्ये जिवंत डोळ्याच्या अंतर्भागाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी अडीच मिनिटे प्रकाश द्यावा लागला होता आणि स्वच्छमंडलावरील चकाकीने त्याचा बराच भाग व्यापला होता. ही चकाकी टाळण्याचा मार्ग आल्व्हार गुल्स्ट्रांड यांनी दाखवला. त्यांच्या तत्त्वावर नॉर्डेन्सन यांनी रचलेला कॅमेरा १९२६ मध्ये बाजारात आला. १९६१ मध्ये नोव्होटनी व अल्विस यांनी शिरेत फ्लोरेसीन हे रंगद्रव्य सोडून दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पीतबिंदूखाली वाढणाऱ्या आणि गळणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तिने उघड्या पडल्या आणि ऱ्हासाच्या ओल्या व कोरड्या प्रकारांतील भेद प्रतिमेवर दाखवता येऊ लागला.

आज प्रचलित असलेली २०१३ ची वर्गवारी रंगीत छायाचित्रातील ड्रूझनच्या आकारावर आधारलेली आहे. ६३ मायक्रोमीटरपेक्षा लहान ठिपके वयाचा स्वाभाविक परिणाम मानले जातात. ६३ ते १२५ मायक्रोमीटरचे ठिपके ही विकाराची प्रारंभिक अवस्था. त्याहून मोठे ठिपके किंवा त्यांच्यासोबत रंगद्रव्यातील बदल दिसल्यास मधली. नव्या रक्तवाहिन्या किंवा पेशी नष्ट झालेले स्पष्ट सीमांचे पट्टे दिसले की विकार प्रगत समजतात. छायाचित्रावर १२५ मायक्रोमीटरचा अंदाज घेण्यासाठी दृष्टिमज्जेच्या कडेशी असलेल्या मुख्य शिरेची रुंदी प्रमाण धरतात. ही शीर हेल्महोल्ट्स यांना पुठ्ठ्याच्या नेत्रदर्शकातूनही दिसली होती. हजारो रुग्णांच्या अशा प्रतवारी केलेल्या छायाचित्रांवर संगणकप्रणालींना हेच वर्गीकरण शिकवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

छायाचित्रात खोली दिसत नाही, ही येगर व ग्रेफ यांना नडलेली उणीव १९९१ मध्ये जाहीर झालेल्या ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफीने दूर केली. डोळ्यातून परतलेला प्रकाश आणि आरशावरून परतलेला प्रकाश यांचे व्यतिकरण मोजून दृष्टिपटलाचे थर छेद घेतल्याप्रमाणे दाखवणारे हे तंत्र आहे. पीतबिंदूखाली साठलेले पाणी त्यात थेट दिसते. ओल्या प्रकारात इंजेक्शन पुन्हा केव्हा द्यावयाचे, हे बहुधा त्यावरूनच ठरवले जाते. त्याचा गाभा मायकेलसन यांचा व्यतिकरणमापक आहे.

स्मारके

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठासमोर हेल्महोल्ट्स यांचा पुतळा आहे. मॉस्को येथील नेत्ररोग संशोधन संस्था, जर्मनीतील राष्ट्रीय संशोधन केंद्रांचा महासंघ आणि चंद्रावरील एक विवर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.